मायनर थ्रेटनं कुणालाही शपथ दिली नव्हती

नागपुरातल्या कॉलेजांच्या आणि बँडवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: १९८० साली वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या हार्डकोर (पंक रॉकचा वेगवान, आक्रमक प्रकार) बँडनं हरे कृष्ण पंथाच्या प्रभावातून ‘स्ट्रेट एज’ ही नशा न करण्याची चळवळ स्थापन केली. दारू, सिगारेट, ड्रग्ज घेणाऱ्यांना बँडमध्ये आणि कार्यक्रमात बंदी होती. हातावरची काळी फुली ही शपथेची खूण. मागे मोठ्या कंपनीचा पैसा होता. कुणीतरी शपथ मोडली आणि तीन वर्षांत बँड फुटला. संगीत म्हणाल तर नुसता आरडाओरडा, खरा मोठा तो संदेश. शेवटी पुस्ती जोडलेली: आपली संस्कृती अमेरिकेनं उचलली, आपण कधी उचलणार?

पोरं व्यसनापासून लांब राहावीत या इच्छेशी आमचं काहीच भांडण नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. त्या चुकांमुळे या बँडकडून नागपुरातल्या नव्या बँडनं जे खरोखर घ्यावं, तेच नेमकं गळून पडतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“चळवळ स्थापन केली, व्यसनी माणसाला बंदी होती”

स्थापना वगैरे काही झाली नाही. झालं ते एक गाणं, ४६ सेकंदांचं. ‘स्ट्रेट एज’ हे त्या गाण्याचं नाव. १९८१ साली निघालेल्या बँडच्या पहिल्या सात इंची रेकॉर्डवर आठ गाणी आहेत, त्यातलं हे एक. गायक इयन मकाय तेव्हा १९ वर्षांचा होता आणि गाण्यात तो स्वतःबद्दल बोलतो. मला नशेची गरज वाटत नाही, मला करण्यासारखं बरंच आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

बंदीची गोष्ट तर बँडच्या आतच टिकत नाही. ड्रमर जेफ नेल्सन स्वतःला स्ट्रेट एज म्हणवत नव्हता. ‘आउट ऑफ स्टेप’ या गाण्यात मी हे करत नाही, ते करत नाही अशा ओळी आहेत. त्या सगळ्यांना दिलेला आदेश वाटू नयेत, यावरून नेल्सन आणि मकाय यांच्यात चांगलीच वादावादी झाली. म्हणून १९८३ मध्ये ते गाणं पुन्हा रेकॉर्ड करताना मधे मकायचं बोलणं घातलं गेलं: हे नियम नाहीत, तुम्ही काय करावं ते मी सांगत नाहीये. हे रेकॉर्डवर आहे, कुणीही ऐकावं.

त्यांचा सगळ्यात लाडका बँड कोणता होता तेही बघा. वॉशिंग्टनच्या या पोरांना वेगात आणि नेमकं वाजवायचं वेड लावलं ते बॅड ब्रेन्सनी. हे चौघे कृष्णवर्णीय वादक जॅझ फ्यूजनकडून पंककडे आले आणि पुढे रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाचे झाले. रास्ताफारी परंपरेत गांजा पवित्र मानतात. तरीही मकाय त्यांचं कौतुक करताना कधी थकला नाही. ‘नशा करणाऱ्याला प्रवेश नाही’ असा नियम असता तर बॅड ब्रेन्सना दारातूनच परत पाठवावं लागलं असतं.

नियमांचं, दटावणीचं स्ट्रेट एज पुढे आलं हे खरं. बोस्टनच्या काही बँडनी त्याला कडक रूप दिलं. १९८५ च्या आसपास सुरू झालेल्या यूथ ऑफ टुडेनं त्यात शाकाहार आणला. पण ती दुसऱ्यांची, दुसऱ्या शहरांतली गोष्ट आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तो सरकारचा कायदा आहे. एका माणसाचा स्वतःपुरता निर्णय आणि जिल्ह्याला लागू असलेला कायदा यांत किती अंतर असतं, हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

“हरे कृष्ण पंथातून आलं”

काळाचा क्रम उलटा लावलाय. इस्कॉनची, म्हणजे हरे कृष्ण पंथाच्या संस्थेची, स्थापना न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली झाली, तेवढ्यावरून कुणीतरी धागा जोडला असावा. हार्डकोर आणि कृष्णभक्तीचं नातं खरंच आहे, पण ते न्यूयॉर्कमधलं आणि नंतरचं. यूथ ऑफ टुडेचा गायक रे कॅपो कृष्णभक्त झाला आणि १९९० च्या सुमारास त्यानं शेल्टर हा बँड काढला. तोवर मायनर थ्रेट संपून सहा-सात वर्षं झाली होती.

मकायनं दिलेली कारणं अगदी घरगुती अमेरिकन आहेत: आजूबाजूची मुलं नशेत वाया जाताना दिसणं, जिमी हेन्ड्रिक्ससारख्या गिटारवादकाचा नशेपायी झालेला मृत्यू आणि दारू-ड्रग्ज न घेणारा रॉक गिटारवादक टेड न्यूजंट. यात गीता नाही की मठ नाही.

आणि नागपूरला व्यसनमुक्तीसाठी वॉशिंग्टनचा दाखला कशाला हवा? ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावोगाव हेच सांगितलं. त्या परंपरेचं वजन तिच्या स्वतःच्या बळावर आहे. तिला एका पंक बँडचा खोटा टेकू देऊन आपण तिचा मान वाढवत नाही.

“फुली म्हणजे शपथेची खूण”

फुली मुळात दारवानाच्या कामाची. मायनर थ्रेटच्या आधी मकाय आणि नेल्सन टीन आयडल्स या बँडमध्ये होते. १९८० च्या उन्हाळ्यात हा बँड कॅलिफोर्नियाला गेला. तिथं दारू प्यायचं कायदेशीर वय २१. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहे गार्डन्स क्लबनं या अल्पवयीन पोरांच्या हातावर काळी फुली मारून आत घेतलं, म्हणजे बारवाल्यानं फुली बघायची आणि दारू द्यायची नाही. परत आल्यावर पोरांनी तीच युक्ती वॉशिंग्टनच्या क्लबपुढे ठेवली: आम्हाला आत घ्या, हातावर फुली मारा, आम्ही दारू मागणार नाही, आम्हाला फक्त गाणी ऐकायचीत. टीन आयडल्सच्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर फुल्या मारलेले दोन हात आहेत ते यामुळे. ती खूण अभिमानानं मिरवणं नंतर सुरू झालं.

इथं कार्यक्रम करणाऱ्यांना ही युक्ती आजही उपयोगी आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे कॉलेजचा बहुतेक श्रोता बाहेरच राहतो. सगळ्यात बरं म्हणजे बार नसलेला हॉल घेणं. ते जमत नसेल आणि जागेवाला तयार असेल, तर दारावर ओळखपत्र बघून फुली मारावी. साधं स्केचपेन घामानं दहा मिनिटांत पसरतं, म्हणून जाड टोकाचा परमनंट मार्करच घ्या. हात आधी कोरडा पुसा, मनगटाकडे न मारता हाताच्या मागच्या बाजूला मोठी फुली मारा आणि अर्धा मिनिट वाळू द्या. फुली दोन्ही हातांवर हवी. एकाच हातावर असली की तो हात खिशात जातो.

“मोठ्या कंपनीचा पैसा”

हा मुद्दा वाचून खरंच वाईट वाटतं, कारण या बँडची सगळ्यात शिकण्यासारखी बाजू हीच आहे. टीन आयडल्सनं वर्षभराच्या कार्यक्रमांतून सुमारे ६०० डॉलर साठवले होते. बँड मोडला तेव्हा ते वाटून न घेता त्यांनी स्वतःची रेकॉर्ड काढायची ठरवली, १,००० प्रती. त्यासाठी मकाय, नेल्सन आणि गायक नेथन स्ट्रेचेक यांनी डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केलं. मायनर थ्रेटचं सगळं काम याच लेबलवर आलं. रेकॉर्डिंग व्हायचं डॉन झिएन्टारा यांच्या इनर इअर स्टुडिओत. हा स्टुडिओ म्हणजे व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टनमधल्या त्यांच्या घराचं तळघर.

कव्हर छापून आणि चिकटवून घ्यायला पैसे नव्हते. मग त्यांनी एका सिंगलचं कव्हर उकलून सपाट केलं, त्याची बाह्यरेषा कागदावर गिरवली आणि त्या मापानं छापून आणलं. पुढं कात्री, घडी, गोंद सगळं मित्रमंडळींच्या हातानं, प्रत्येक प्रतीला.

हे काम सीताबर्डीतल्या एखाद्या प्रेसमधून छपाई करून आजही जमतं. सात इंची रेकॉर्डला आतून साधारण १८.५ सेंटिमीटरचा चौकोन लागतो. पुढचा-मागचा भाग एकाच पट्टीत शेजारी ठेवा आणि मागच्या भागाला वर-खाली दीड सेंटिमीटरचे कान सोडा. कागद २५० जीएसएमच्या (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा घ्या. ३०० च्या वर गेलात तर घडीवर शाई तडकते. छापायच्या आधी कागदाच्या धाग्याची दिशा प्रेसवाल्याला विचारा. मधली घडी धाग्याला समांतर आली पाहिजे, आडवी आली तर कितीही दाबली तरी फुगते. घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेननं पट्टीला धरून रेघ ओढून घ्या. फेव्हिकॉल ओतू नका, ब्रशनं पातळ हात फिरवा, जास्त झालं की कान सुरकुततात. मे महिन्यात ते लावता लावताच वाळतं, म्हणून एका वेळी एकच कव्हर. पावसाळ्यात उलट: चिकटवलेला गठ्ठा वजनाखाली रात्रभर ठेवायचा आणि प्रत्येक दोन कव्हरांमध्ये कोरा कागद घालायचा, नाहीतर सकाळी सगळी एकमेकांना चिकटलेली मिळतील.

मोठ्या कंपनीशी या बँडचं नाव जोडलं गेलं तो प्रसंग २००५ चा. नाइकीनं स्केटबोर्डिंगच्या जाहिरातीसाठी बँडच्या पहिल्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठाची सहीसही नक्कल केली होती, परवानगी न घेता. पायऱ्यांवर मान खाली घालून बसलेला तो मुलगा म्हणजे मकायचा भाऊ ॲलेक. डिस्कॉर्डनं जाहीर आक्षेप घेतला आणि नाइकीनं माफी मागून ते पोस्टर मागं घेतलं.

“शपथ मोडली म्हणून फुटला”

नाही. पहिला खंड पडला तो शिक्षणामुळे. १९८१ च्या शेवटाकडे गिटारवादक लाइल प्रेस्लर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला आणि बँड थांबला, १९८२ मध्ये पुन्हा जमला. बासवादक ब्रायन बेकर बँड सुरू झाला तेव्हा जेमतेम १५ वर्षांचा होता, हेही लक्षात घ्यावं. पुढे स्टीव्ह हॅन्सगेन बासवर आला आणि बेकरनं दुसरी गिटार धरली. १९८३ मध्ये वाद झाला तो सुरांवरून. काहींना यू टू या आयरिश बँडसारख्या मोकळ्या, मोठ्या आवाजाकडे जायचं होतं, मकायला ते पटत नव्हतं. शेवटचा कार्यक्रम २३ सप्टेंबर १९८३ ला झाला. त्याच मंचावर ट्रबल फंक हा वॉशिंग्टनचाच गो-गो (तिथल्या फंक संगीताचा प्रकार) बँडही होता. शेवटची तीन गाणी बँड मोडल्यावर, डिसेंबर १९८३ मध्ये रेकॉर्ड झाली आणि १९८५ मध्ये बाहेर आली.

“नुसता आरडाओरडा”

बँडचं सगळं काम १९८९ मध्ये एकत्र निघालं: २६ गाणी, पाऊण तासाच्या आसपास. ते हेडफोन लावून ऐका आणि थांबे मोजा. पूर्ण वेगात चौघं एका क्षणी गप्प होतात आणि एका क्षणी परत येतात. कल्ला करणाऱ्याला हे जमत नाही.

वाजवून बघायचं असेल तर सुरुवात ड्रम आणि बासनं करा, गिटार बंद ठेवून. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा. पूर्ण गाणं तीनदा स्वच्छ गेलं की १० नं वाढवा. १८० च्या पुढे ड्रमरचा स्नेअर (काठीनं वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) पायानं वाजणाऱ्या बास ड्रमच्या अंगावर चढायला लागतो. तसं झालं की एक पायरी खाली या, रेटू नका. गिटारचा हात कोपरातून हलत असेल तर तिसाव्या सेकंदाला दगड होतो, हालचाल मनगटातून हवी.

नव्या बँडची ठरलेली चूक म्हणजे ॲम्पवरचा गेन (आवाज फाटवणारं बटण) पूर्ण उघडणं. या वेगात जास्त गेननं एक कॉर्ड दुसऱ्यात मिसळतो आणि थांब्यावर ॲम्प शिट्टी मारतो. तपासायची सोपी रीत: कॉर्ड मारा, तळव्यानं तारा दाबा. आवाज तिथंच तुटला तर ठीक, मागं सूं-सूं राहिली तर गेन कमी करा आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) वाढवा. गायकानं माइकची जाळी मुठीत धरू नये. जाळी झाकली की माइक सगळीकडचा आवाज घ्यायला लागतो आणि स्पीकर किंचाळतात.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे कूलर. तापलेल्या खोलीत सुरात लावलेली गिटार कूलरच्या झोतात आली की तारा गार होऊन आखडतात आणि सूर चढतो, पुढे लाकडी मान ओल धरते आणि तारांची उंचीच बदलते. कूलरचं तोंड भिंतीकडे करा आणि गिटार खोलीत वीस मिनिटं ठेवल्यावरच ट्यूनर लावा. रेकॉर्डिंगच्या वेळी पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा, टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, सुरू झाला की तोही बंद.

चार इनपुटच्या इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) पूर्ण बँड एकत्र घेता येतो: दोन माइक ड्रमला, एक गिटारच्या ॲम्पला, बास थेट. ड्रमवरचे दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत. दोरी लावून मोजा, नाहीतर स्नेअर पोकळ येतो. ॲम्पचं तोंड ड्रमकडून फिरवा आणि मधे एक गादी उभी करा. गायकाचा आवाज नंतर वेगळा घ्या. आणि पहिल्या चुकीला थांबू नका. गाणं एक मिनिटाचंही नाही, शेवटपर्यंत वाजवा आणि लगेच पुढचा टेक घ्या, कारण थांबलात की हात गार होतात आणि वेग पुन्हा जमायला दोन-तीन टेक जातात.