‘एक त्रस्त नागपूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘विमानतळावरून मुंबईत, टॅक्सीशिवाय’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया सकाळच्या चहाबरोबर वाचली. चहा तसाच राहिला. दुपारी पुन्हा वाचली, म्हटलं आपलाच काही गैरसमज झाला असेल. झाला नव्हता.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ आईला घेऊन नागपूरहून मुंबई विमानतळाच्या टी १ ला (टर्मिनल १) उतरले. सोबत दोन बॅगा. लेखात सांगितल्याप्रमाणे रिक्षाने पार्ला (विलेपार्ले) स्टेशन गाठलं, पण सकाळी साडेआठला चर्चगेट गाडीत पाय ठेवता आला नाही. तीन गाड्या सोडल्या आणि शेवटी टॅक्सीने गिरगावात गेले. त्यावरून त्यांचं म्हणणं असं की लेखातले रिक्षाचे दर जुने आहेत, ‘एअरपोर्ट रोड’ स्टेशनची माहिती दिशाभूल करणारी आहे, आणि मेट्रो ३ ला (आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो) मी जेमतेम एक ओळ दिली आहे. शेवटी हे वाक्य: ‘लेखकाने स्वतः कधी बॅग घेऊन लोकल पकडली आहे का, की गॅलरीत बसून लिहिलंय?’

टीकेला माझी ना नाही. गेली नऊ वर्षं लिहितोय, लोकांनी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, त्या मी निमूट सुधारल्या. पण गॅलरी? आमच्या घराला गॅलरी नाही. होती, ती १९९८ साली खोलीत घेतली.

आधी आपलं जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे हा माणूस ऐकून घेत नाही असं व्हायला नको. ‘एअरपोर्ट रोड’ हे मेट्रो १ चं (वर्सोवा-घाटकोपर) स्टेशन विमानतळात नाही, मरोळच्या बाजूला आहे. टी २ चा प्रवासी तिथे उतरला तर पुढे रिक्षा करावीच लागते, आणि टी १ च्या माणसाला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. नावाने माणूस फसतो. मी ‘जवळचं’ असा शब्द वापरला, तो काढून टाकला आहे. रिक्षाचंही तसंच. २३ रुपये लिहिले होते, फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ झालं, काळी-पिवळी टॅक्सीचं २८ चं ३१. लेख नोव्हेंबर २०२४ चा आहे. तीन रुपयांसाठी कुणाची फसवणूक झाली असेल तर क्षमस्व.

आता बॅगेचं.

माझा जन्म पार्ल्याचा, पूर्वेचा. वडील चाळीस वर्षं चर्चगेटला नोकरीला होते, मी स्वतः सव्वीस वर्षं तीच गाडी पकडली. पार्ल्याला फास्ट थांबत नाही, म्हणजे उभा जन्म स्लोमध्ये गेला. १९९३ साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न गिरगावात होतं. रुखवत पार्ल्याहून न्यायचं होतं. टेम्पोवाला आयत्या वेळी आला नाही. तेव्हा मी, दोन चुलतभाऊ आणि वरच्या मजल्यावरचे काका अशा चौघांनी ते सगळं रुखवत लोकलने नेलं. सगळं म्हणजे काय, तर लाडवांचे डबे, विणलेली तोरणं, भातुकलीचा पितळी संसार आणि तांब्याचा एक बंब. बंब! तो धरून मी दारातल्या खांबाला टेकून पार्ला ते चर्नी रोड (गिरगावासाठीचं स्टेशन) उभा होतो. बंबाचा कान अजून वाकडा आहे, बहिणीकडे गेलात तर दाखवेल. एक लाडू फुटला नाही. आणि मला विचारता, बॅग घेऊन कधी चढलात का?

तो रविवार होता, हे आपण म्हणण्याआधी मीच सांगतो. दुपारची वेळ होती, हेही खरं. पण बंब तो बंब. आपल्या बॅगेला चाकं होती.

कुठलंही सामान असलं तरी चढण्याची एक रीत असते. फलाटावर बॅग पाठीवर नाही, पुढे, पोटाशी धरायची. पार्ल्याला बोरिवलीहून आलेली गाडी सोडायची आणि अंधेरीहून सुटणारी धरायची. ती एकच स्टेशन मागून येते, त्यातल्या त्यात मोकळी असते. फलाटावरच्या पाटीवर गाडी कुठे जाणार एवढंच दिसतं, ती कुठून सुटली हे शेजारच्या माणसाला विचारावं लागतं. आईंना लेडीज डब्यात बसवायचं आणि कुठे उतरायचं ते शेजारच्या बाईंना सांगून ठेवायचं. पार्ल्याच्या बायका चर्नी रोड आलं की हाताला धरून उतरवतील. हे लेखात नव्हतं म्हणता? नव्हतं. प्रत्येक गोष्ट लिहायची तर पुस्तक होईल. थोडं विचारावंही लागतं माणसाला.

साडेआठची वेळ चुकीची होती एवढंच मी म्हणेन. गर्दीच्या वेळी लोकलला गर्दी असते, हे नागपुरातही माहीत असावं.

टॅक्सीवाल्याने मीटर न टाकता पैसे सांगितले, असंही आपण लिहिलंय. त्याला मी काय करणार? रिक्षा वांद्र्याच्या पुढे शहरात जात नाही, म्हणून तिकडे जाणाऱ्याला टॅक्सीवाला गाठतो, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. (मागच्या महिन्यात मीही टी १ वरून गिरगावात टॅक्सीनेच गेलो, पण ते गुडघ्यामुळे. तो विषय वेगळा.)

राहता राहिली मेट्रो ३. तिच्यावर आपण अख्खा परिच्छेद खर्च केला आहे: टी १ च्या स्टेशनात शिरायचं, गाडी बदलायची नाही, फलाटाचे जिने चढायचे नाहीत, सरळ गिरगाव स्टेशनला बाहेर. ठीक. मी लेख लिहिला तेव्हा ती आरेपासून बीकेसीपर्यंतच (वांद्रे-कुर्ला संकुल) धावत होती. कफ परेडपर्यंतची पूर्ण लाइन प्रवाशांना मिळाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. मी काय ज्योतिषी आहे? आणि आपल्याला हे आधीच माहीत होतं तर आपण माझा लेख वाचून पार्ल्याला गेलातच कशाला? ‘लेखावर विश्वास ठेवला, ही माझी चूक’ असं उत्तर आपण देणार, तेव्हा ते देऊ नका.

खटकतं ते हे की तीन गाड्या सुटल्याचा राग आपण माझ्यावर काढलात, तोही नाव न लावता. मी लेखाखाली माझं नाव लिहितो, पार्ल्यातल्या गल्लीत लोक मला त्या नावाने हाक मारतात. आपल्या आईंना त्रास झाला याचं मात्र खरंच वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

लेखाचा दुसरा भाग येत्या रविवारी टाकतो आहे. त्यात मेट्रो ३ आहे: टी १ आणि टी २ ची स्टेशनं, मरोळ नाक्याला मेट्रो १ ची गाडी कशी बदलायची, दहा ते सत्तर रुपयांचं भाडं, सगळं. तो आपल्या प्रतिक्रियेमुळे लिहिला असं कृपया कुणी समजू नये. तो आधीपासून तयार होता. नुसता टाकायचा राहिला होता.