मंगळवारी रात्री पॅरिसच्या घरात काय शिजतं?

"फ्रेंच माणसाचं काय, रोज वाइन आणि चीज! अर्धा पगार पोटात जातो," चहा यायच्या आतच अण्णांनी विषय काढला.

बंड्या पॅरिसला बेलव्हिल भागात राहून आलाय. तो उसळलाच. "अण्णा, मंगळवारी रात्री तिथं काय असतं सांगू? बारीक मॅकरोनी उकडायची, वर लोणी, बाजूला हॅमचा एक काप. मग लेट्यूसची पानं, त्यावर तेल, व्हिनेगर आणि मोहरी. शेवटी सव्वाशे ग्रॅमचं दह्याचं डबडं. पाव ताटात नाही, थेट टेबलावर ठेवतात, आणि त्याच पावानं ताट पुसून खातात. संपलं जेवण! पण आठच्या सुमारास सगळे एकत्र बसतात. मधे येता-जाता चरणं नाही."

"पोरांना भूक नाही लागत?" सुमीनं विचारलं.

"साडेचारला शाळा सुटली की खाणं मिळतं, त्याला गुते म्हणतात. पावात चॉकलेटची वडी, नाहीतर सफरचंदाचा गर. मग थेट रात्री."

भाजीही तो मंगळवार-शुक्रवारच्या बेलव्हिलच्या बाजारातून आणायचा. बाजार उठायच्या वेळी गेलं की एका युरोत पिशवीभर मिळायची.

डॉक्टरांनी आकडा काढला. फ्रेंच कुटुंबांच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा १९६० मध्ये ३५ टक्के होता, २०१४ मध्ये २० टक्के. "कुठं आहे उधळपट्टी?"

"वाटा घटला म्हणजे खाणं स्वस्त झालं असं थोडंच? पगार वाढले, बाकीचे खर्चही वाढले," अण्णा म्हणाले. मला हे पटलं. मार्च २०२३ मध्ये तिथं खाण्याच्या वस्तू वर्षभरात जवळपास १६ टक्क्यांनी महागल्या होत्या. कोल्यूश या विनोदी नटानं १९८५ मध्ये गरिबांच्या जेवणासाठी सुरू केलेली 'रेस्तो द्यु कर' ही संस्था तर आजही चालवावी लागते.

पण आपण नुसतं रात्रीचं ताट बघतोय, असं मी म्हटलं. या घरांतल्या पोरांचं मोठं जेवण दुपारी शाळेच्या कँटीनमध्ये होतं. किसलेलं गाजर, मासा-भात, चीज, फळ, असं एकामागून एक. प्राथमिक शाळेत त्यासाठी किमान दीड तासाची सुट्टी असते. २०१८ च्या कायद्यानं आठवड्यातून एक जेवण शाकाहारी झालं. पॅरिसमध्ये उत्पन्नाप्रमाणे पैसे घेतात, १३ सेंटपासून ७ युरोपर्यंत, आणि ताट सगळ्यांना एकच. मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. नोकरदारांनाही बऱ्याच कंपन्या जेवणाची कुपनं देतात, त्यातला निदान निम्मा भार मालकाचा.

"सात युरो भरणारे कुरकुरत नाहीत?" सुमी.

"शेजारची बाई कुरकुरायची. पण पोरगं तिथंच जेवायचं. घरून डबा द्यायचा तर ॲलर्जीसारखं कारण लागतं," बंड्या म्हणाला.

अण्णांनी कप खाली ठेवला. "थांबा. १३ सेंटात जेवण होत नाही, वरचे पैसे नगरपालिका घालते. म्हणजे ते कुटुंबाच्या खर्चात धरलेलेच नाहीत! डॉक्टर, तुमच्या २० टक्क्यांत पोरांचं दुपारचं जेवण अर्धंमुर्धंच आलंय."

डॉक्टरांना हे खोडता आलं नाही.