"ग्रीस मारायला कसलं आलंय प्रशिक्षण?"

मेंटेनन्सच्या लोकांत एक सल्ला फार फिरतोय: "नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत गन मारा. जास्त झालं तरी बिघडत नाही. ग्रीस ते ग्रीस, सगळं सारखंच. याला प्रशिक्षण कशाला?" असल्या सल्ल्याने चांगली बेअरिंगं वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जास्त झालं तरी बिघडत नाही." बिघडतं. मोकळी जागा गच्च भरली की बॉल आणि त्यांना धरून ठेवणारी केज ग्रीस घुसळत बसतात. बेअरिंग तापतं, तेल पातळ होतं आणि बॉल व रेस (ज्या कड्यांवर बॉल फिरतात त्या) यांना वेगळं ठेवणारा थर, जो मुळातच बहुधा एका मायक्रॉनहून पातळ असतो, तुटायला लागतो. म्हणून नेहमीच्या वेगाला हाउसिंगची, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घराची, मोकळी जागा साधारण ३० ते ५० टक्केच भरतात. पुन्हा ग्रीस देताना बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकाराला ०.००५ने गुणा, ग्रॅम मिळतात. ६३१० नंबरच्या बेअरिंगचे ११० आणि २७, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. पण तुमच्या गनच्या एका स्ट्रोकला किती ग्रॅम पडतं? दहा स्ट्रोक काट्यावर मारून बघा, गनगणिक आकडा बदलतो. माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला तास या काट्यालाच द्यावा.

"नवं ग्रीस दिसेपर्यंत." धुळीतल्या, संथ फिरणाऱ्या, जुनं ग्रीस बाहेर पडायला वाट असलेल्या बेअरिंगला हे चालतं. मोटरला नाही. तिथे जादा ग्रीस आत वाइंडिंगवर जाऊ शकतं.

"ग्रीस ते ग्रीस." लिथियम आणि पॉलियुरिया या दोन प्रकारची ग्रीसं एकत्र आली की मिश्रण बरेचदा मऊ पडून वाहून जातं. रंगावरून जुळवू नका, तो नुसता रंग असतो. डब्यावरचा एनएलजीआय २ फक्त घट्टपणा सांगतो. आतल्या तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेल किती जाड वाहतं ते, ४० अंशाला १०० सेंटीस्टोक्स असेल किंवा ४६०. वेगवान मोटरला आणि संथ, जड रोलरला एकच डबा कसा चालेल?

राहिलं प्रशिक्षण. बेअरिंग गेलं की "ग्रीस कमी पडलं" म्हणून आणखी मारतात. रेसवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर व्हीएफडीमुळे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमुळे) बेअरिंगमधून करंट जात असण्याची शंका आधी घ्यायची. बंद ठेवलेल्या स्टँडबाय पंपात बॉलच्या अंतरावर खळगे पडले असतील तर बहुधा शेजारच्या मशीनची कंपनं कारण असतात. पहिल्याला इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्ट ग्राउंडिंग लागतं, दुसऱ्याला शाफ्ट अधूनमधून फिरवून ठेवावा लागतो. या खुणांचं वर्गीकरण आयएसओ १५२४३ या मानकात दिलेलं आहे, आणि त्या ओळखायला कापलेली जुनी बेअरिंगं हातात घेऊन शिकावं लागतं.