टीव्ही बदला, बाकी काही बदलू नका

चित्र धूसर दिसतंय? मग विचार कसला करताय, टीव्ही बदला. कापसाचे पैसे नुकतेच हातात पडले असतील तर आजच बदला. सोसायटीच्या पीककर्जाच्या हप्त्याकडे वळण्याआधी त्या पैशांतून घरात काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं. रिमोटवर 'सेटिंग्ज' नावाचं एक बटण असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते बटण कंपनीने शोभेसाठी दिलेलं आहे.

काही चिकित्सक लोक विचारतील, चित्र खराब म्हणजे नेमकं कसं खराब? नुसतं धूसर, की मधेच चौकोन चौकोन होऊन अडकतं, की रंगच उडालेत? अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. कारण तो लगेच सांगायला लागेल की चौकोन पडत असतील तर सिग्नल कमी येतोय, आणि त्यात टीव्हीचा काही दोष नाही. मग तो घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर चढेल. तिथे त्याला दिसेल की उन्हाळ्यात बिबडे वाळत घालताना बायकांनी साड्यांची दोरी डिशच्या दांड्याला बांधली होती, ती दोरी अजून तशीच आहे आणि डिश आभाळ सोडून शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीकडे बघतेय. पाना घेऊन दोन मिनिटांत तो ती सरळ करेल. झालं, 55 इंची टीव्हीचं स्वप्न तिथेच संपलं. म्हणून म्हणतो, चहा पाजा आणि पाठवा.

चित्र नुसतंच धूसर असेल तर मात्र प्रश्नच नाही, मोठा टीव्ही घ्यायचा. इथलं गणित मला फार आवडतं. साध्या चॅनलचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे 4 लाख 15 हजार. फोरके पडद्यावर ठिपके 3840 बाय 2160, म्हणजे जवळपास 83 लाख. भागाकार करून पाहा, बरोबर 20 येतो. चॅनलवाला एक ठिपका पाठवतो, उरलेले 19 टीव्ही आपल्या मनाने भरतो. एका माणसाच्या शेवभाजीत पाणी ओतून वीस पाहुणे उठवण्याचा हा प्रकार. आणि पडदा जेवढा मोठा, तेवढं हे पाणी लांबून दिसतं. पण मोठं दिसतं ना? मग झालं तर.

एचडीचा सेटटॉप बॉक्स आधीच घरात असेल तर तो जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीनेच जोडलेला राहू द्या. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही, त्याला एचडीएमआय केबल लागते. पण ती केबल आणायची म्हणजे काहीशे रुपयांचा खर्च, आणि उगाच खर्च करणाऱ्यांतले आपण नाही. एचडीचा पॅकही चालू ठेवा. फक्त चॅनलचा नंबर जुना, साधाच दाबत जा. दर महिन्याला पैसे एचडीचे जातात हे समाधान काय कमी आहे?

आता दुकान. जळगावला जा, नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर, पण एकटे जाऊ नका. शालक, दोन मित्र आणि 'आपल्या ओळखीचा आहे तो' असं म्हणणारा एक इसम एवढे लोक हवेत. दुकानात ओळीने टीव्ही लागलेले असतील आणि सगळ्यांवर लाल-निळे पोपट उडत असतील, कुणीतरी कलिंगड कापत असेल. ते चित्र पेनड्राइव्हवरच्या खास फोरके फायलीतून येतं आणि उजेड व रंग अगदी टोकाला नेऊन ठेवलेले असतात. जो पडदा सर्वांत भडक, तो सर्वांत चांगला, हे सूत्र धरा. 'भाऊ, यावर साधं चॅनल लावून दाखवा बरं' असं म्हणायची जीभ वळवळेल, तिला आवरा. आपला सेटटॉप बॉक्स पिशवीत घालून नेणं तर फारच वाईट दिसतं. सोबतचा ओळखीचा इसम जन्मात पुन्हा आपल्याबरोबर येणार नाही.

साइज किती घ्यायचा हे भिंत ठरवत नाही, चुलतभाऊ ठरवतो. त्याच्याकडे 43 असेल तर तुम्हाला 50 पुरेल, 50 असेल तर 55. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय, तेव्हा लहान घेणं म्हणजे सरकारचा मान न ठेवणं. खाट पडद्यापासून बारा फुटांवर आहे आणि तेवढ्या लांबून 55 इंचांवर फुल एचडी कोणतं नि फोरके कोणतं हे साधारण डोळ्याला ओळखता येत नाही, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. खोक्यावरचं 'फोरके' तर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतं! खोकं ओट्यावर दोन दिवस ठेवायचं ते त्यासाठीच.

खोक्यावर 'एचडीआर'ही लिहिलेलं असेल, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही जास्त ठळक दाखवणारं चित्र. बहुतेक वेळा हजार निट्स उजेड गृहीत धरून ते चित्र तयार करतात, आणि स्वस्तातला पडदा दोन-तीनशेवर दम टाकतो. त्यामुळे वेब सिरीजमध्ये रात्र झाली की पडद्यावर नट दिसत नाही, हातात कळण्याची भाकरी घेऊन बसलेले आपणच दिसतो. प्रमुख भूमिका मिळाली म्हणून आनंद माना.

टीव्ही लावायला येणारा मुलगा घाईत असतो. पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही विचारतो, घरात वापरणार की दुकानात? तो मुलगा जे पहिलं दिसेल ते दाबतो. दुकान दाबलं गेलं तर फारच उत्तम. मग तुम्ही उजेड कितीही कमी करा, थोड्या वेळाने टीव्ही पुन्हा आपल्या मूळ भडकपणावर येतो आणि बातम्या देणाऱ्या बाईचे गाल टोमॅटोसारखे लाल ते लालच राहतात. भिंतीवर तो दाराच्या चौकटीच्याही वर ठोकून घ्या, पोरांचा हात पोचायला नको. मान दुखली तर बाम आहेच. समोर पश्चिमेची खिडकी असेल तर तिला पडदा लावू नका. मे महिन्यात 45 अंशांचं ऊन पडद्यावर पडलं की चित्र चांगलं की वाईट हा वादच उरत नाही. रुंदी भरून काढण्यासाठी चित्र दोन्ही बाजूंनी ताणून घ्या, काळ्या पट्ट्यांचे पैसे आपण दिलेले नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आत्या पाच मिनिटं टक लावून बघेल आणि म्हणेल, "मोठा शे रे भो, पन बठ्ठासना तोंडे सुजेल दिखतस." म्हणजे मोठा आहे, पण सगळ्यांची तोंडं सुजलेली दिसतात. तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिला अजून सवय नाही.

राहता राहिला जुना टीव्ही. एक्सचेंजमध्ये त्याचे जे काही देतात त्यात दोन किलो भरताची वांगी येतील, म्हणून तो भाच्याला देऊन टाका. फक्त एक पथ्य पाळा, पुढचे काही महिने भाच्याच्या घरी जाऊ नका. पोरगं कॉलेजात शिकतं, गप्प बसणारं नाही. तो एचडीएमआय केबल आणेल, पिक्चर मोडवर जाऊन 'सिनेमा' निवडेल, टीव्ही खिडकीच्या समोरून हलवून डोळ्यांच्या उंचीला टेबलावर ठेवेल आणि एचडीच्या नंबरवर क्रिकेटची मॅच लावेल. चुकून गेलातच, आणि हा आपलाच टीव्ही का असं वाटायला लागलं, तर घाबरून जाऊ नका. 65 इंचीसुद्धा हप्त्यांवर मिळतो.