ओल, बुरशी आणि इंग्रज सासरा

भर जुलैत, बेडरूमच्या भिंतीला ओल आलेली असताना ‘मेक्सिकन गॉथिक’ वाचू नये, असं कव्हरवरच छापायला हवं होतं. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियांची ही २०२० सालची कादंबरी. काळ १९५०च्या आसपासचा. मेक्सिको सिटीतली नोएमी, पार्ट्या आणि सिगरेटी यांत रमलेली. लग्न होऊन डोंगरातल्या इंग्रजी वाड्यात गेलेल्या चुलत बहिणीचं चमत्कारिक पत्र येतं आणि वडील हिला तिकडे धाडतात. वाड्याचं नाव हाय प्लेस. वॉलपेपरवर बुरशी, आणि रात्री ती बुरशी हलते.

इथवर वाचून मी मान वर केली. आमच्या भिंतीवरचा डाग कालपर्यंत गोव्याएवढा होता, आज विदर्भासकट महाराष्ट्र झाला होता.

वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, “पाणी आमच्याकडून येतच नाही.” वाड्यातली डॉइल मंडळी तरी वेगळं काय सांगतात? घरात काही नाही, बहिणीला क्षय झालाय, विश्रांती हवी. दोन्हीकडे भिंत बघायला कोणी तयार नाही.

खरं सांगू? भुताला मी फारशी घाबरले नाही. घाबरले ती बहिणीच्या म्हाताऱ्या सासऱ्याला, हॉवर्ड डॉइलला. पहिल्याच भेटीत तो नोएमीला ऐकवतो, तू बहिणीपेक्षा बरीच सावळी आहेस. हे ऐकायला आपल्याला मेक्सिकोपर्यंत जायला नको, कांदेपोह्यांबरोबर फुकट मिळतं. पण हा गृहस्थ तिथून थेट वंशशुद्धीवर घसरतो, तेही शास्त्राचा आव आणून.

कादंबरीतलं गाव काल्पनिक असलं तरी त्यामागे इदाल्गो राज्यातलं रेआल देल मोंते हे खरंखुरं गाव आहे. १८२१ साली स्पेनचं राज्य गेलं आणि काही वर्षांतच इंग्रज भांडवल घेऊन हजर. राज्य करायला नाही हो, फक्त चांदी काढायला! (आपल्याकडेही आधी वखारच टाकली होती.) कॉर्नवॉलचे खाणकामगार आले, त्यांची दफनभूमी आजही तिथे आहे. त्यांची खिमा-बटाट्याची पेस्टी मात्र तिथल्या लोकांनी ठेवून घेतली, वर मिरची घालून. वसुली म्हणावी तर एवढीच.

हा डॉइल तर बागेसाठी इंग्लंडहून पेट्या भरभरून माती आणवतो. दुसऱ्याच्या देशातली चांदी चालते, माती चालत नाही! इंग्रज मजुरांच्या थडग्यांवर दगड आहेत. साथीत मेलेले मेक्सिकन मजूर मात्र कुठे पुरले, त्याची खूणही नाही. त्या पानावर मी बराच वेळ अडकले. बुरशीचं मग विशेष वाटेना.

सासूबाईंना रोज थोडी थोडी गोष्ट सांगत होते. त्या वाड्यात जेवताना बोलायला बंदी आहे म्हटल्यावर त्या हादरल्याच. “मग मीठ कमी पडलंय हे सांगायचं कसं?”

पुस्तक संपलं त्या रात्री त्यांनी विचारलं, “शेवटी त्या वाड्याचं काय झालं?”

शेवट फोडायचा नाही म्हणून मी एवढंच म्हटलं, “आई, आता तो वाडा राहिला नाही असं समजा.”

“म्हणजे रिडेव्हलपमेंटला गेला,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांच्या सह्या कशा मिळाल्या गं?”