यूव्ही फिल्टर लावला म्हणून लेन्सची कॅप घरी ठेवू नका

नवा कॅमेरा हातात आला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी एक सल्ला पाठवतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण मजकूर ठरलेला असतो: 'लेन्स कॅप म्हणजे नुसती कटकट. कंपन्या ती अशीच बनवतात की पडणारच. यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे बसवायची पारदर्शक काच) लावा, वर हूड (लेन्सच्या पुढची नळीसारखी कड) चढवा आणि कॅप घरी ठेवा. प्रोफेशनल लोक कॅप वापरतच नाहीत. अगदीच हवी असेल तर दोरी बांधा. हरवली तर दोनशे रुपयांत नवी मिळते.' ट्रेकिंगचे ग्रुप, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचे ग्रुप, ताडोब्याला निघालेल्यांचे ग्रुप, सगळीकडे हे फिरतं आणि शिकाऊ मुलं ते शब्दशः पाळतात. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, काही बाबतींत तर महागात पडणारा. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

'यूव्ही फिल्टर लावला की कॅपची गरज उरत नाही.'

हा सगळ्यात जास्त पसरलेला दावा. फिल्टर धूळ आणि बोटांचे ठसे अडवतो, इथपर्यंत तो खरा आहे. पण कॅपचं दुसरं काम आहे प्रकाश अडवण्याचं, आणि पारदर्शक काच ते करूच शकत नाही. लेन्स उन्हाकडे तोंड करून पडली की ती भिंगच असते. सूर्यकिरण एका बिंदूवर गोळा करते. डीएसएलआरमध्ये मध्ये आरसा असल्यामुळे तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे वळतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. बऱ्याच मॉडेलांमध्ये कॅमेरा बंद असतानाही लेन्सच्या मागे थेट सेन्सर (फोटो टिपणारी चिप) उघडा असतो. काही कॅमेरे बंद झाल्यावर शटरचा पडदा ओढून घेतात, पण त्या पडद्याची पाती इतकी पातळ असतात की ती सूर्यापुढे ठेवण्यासाठी नाहीतच. जुन्या फिल्मच्या बऱ्याच रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना (यांतही लेन्समागे आरसा नसे), लायकाच्या 'एम' मालिकेलाही, कापडी शटर असे आणि उन्हात लेन्स उघडी राहिली की त्या कापडाला बारीक भोक पडे. ती मंडळी कॅप जपत ती या कारणासाठी. मिररलेस आल्यावर तोच धोका नव्या रूपात परतला आहे आणि नेमक्या याच काळात आपण मुलांना कॅप घरी ठेवायला सांगतो आहोत. जिप्सीच्या सीटवर, गडावरच्या कट्ट्यावर, मंडपाबाहेरच्या खुर्चीवर कॅमेरा ठेवताना लेन्सचं तोंड कुठे आहे हे दर वेळी कोण पाहतं?

मग 'यूव्ही' या भागाचं काय? फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम होत असे, डोंगरातल्या दूरच्या रांगा निळसर धुरकट येत, तेव्हा हा फिल्टर कामाचा होता. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर आधीच बसवलेला असतो. त्यामुळे आज तो फिल्टर म्हणजे जवळजवळ साधी काच. आणि साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो. दोन पृष्ठभाग मिळून 8. चांगल्या मल्टिकोटेड, म्हणजे लेपाचे अनेक थर असलेल्या फिल्टरमध्ये हे प्रमाण बरंच खाली येतं, पण ग्रुपवर ज्याची लिंक सोबत येते तो फिल्टर बहुतेकदा स्वस्तातला असतो. दिवाळीच्या पणत्या, स्टेजवरचे दिवे, रात्रीची रोषणाई अशा फोटोंत मूळ दिव्याच्या समोरच्या बाजूला जे हिरवट भुताटकी ठिपके दिसतात, त्यांचं मूळ पुष्कळदा तिथे असतं.

फिल्टरची पातळ काच आघाताने लवकर फुटते आणि तिचे तुकडे पुढच्या भिंगावर घासतात, हेही लक्षात घ्या. कडेला मार बसला तर त्याची रिंग वाकून लेन्सच्या आट्यांत अडकून बसते. शिवाय काही लेन्सना समोर फिल्टर लागतच नाही. निकॉनची 2007 सालची 14-24 एमएम एफ/2.8 पाहा, पुढची काच फुगीर आणि हूड अंगचाच. समोर आटे नाहीत, वरून सरकवायची टोपी आहे. 600 एमएमसारख्या मोठ्या टेलिफोटोंचे फिल्टर मागच्या बाजूला एका खाचेत घालतात, पुढे कापडी किंवा चामडी आच्छादन असतं. त्या लेन्सवाल्यांना हा सल्ला काय उपयोगाचा?

फिल्टरची खरी जागाही सांगायला हवी. समुद्रावर खारे तुषार उडत असताना, रंगपंचमीला, उडत्या वाळूत, फिल्टर जरूर लावा. कॅननच्या 17-40 एमएम एफ/4 सारख्या काही एल (कॅननच्या वरच्या श्रेणीच्या) लेन्सचं धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण समोर फिल्टर असेल तरच पूर्ण होतं. पण हे सगळं शूटिंग चालू असतानाचं झालं. शूटिंग थांबलं की फिल्टरवरही कॅप हवीच.

'प्रोफेशनल लोक कॅप वापरत नाहीत.'

तुम्ही त्यांना काम करताना पाहता. मैदानाच्या कडेला किंवा वारीच्या रिंगणात उभा असलेला फोटोग्राफर कॅप लावून कसा उभा राहील? तेव्हा त्याचा हूड पुढे चढवलेला असतो, धक्का आधी हूडवर येतो आणि कॅमेरा सतत हातात असतो. काम संपल्यावर त्याची बॅग पाहा. लेन्सला कॅप, हूड उलटा फिरवलेला, मागे रिअर कॅप. ताडोब्यात जिप्सीच्या धुळीत लांब लेन्सवर टॉवेल किंवा गमछा टाकून बसणारी माणसंही करतात तेच, साधन फक्त वेगळं. अर्धं दृश्य पाहून काढलेला हा निष्कर्ष आहे.

'कंपन्या कॅप अशीच बनवतात, ती पडणारच.'

याच दाव्यामुळे लोक कारण शोधणं सोडून देतात, म्हणून इथे थोडं थांबतो. कॅप आपोआप पडत नाही. तिच्या दोन बाजूंना स्प्रिंगवर सरकणाऱ्या जिभा असतात, त्या लेन्सच्या पुढच्या आट्यांत अडकतात. ती पडली तर या पकडीत कुठेतरी गडबड आहे, आणि ती जवळजवळ नेहमी शोधता येते.

पहिला संशय फिल्टरवरच घ्या. वाइड लेन्ससाठी मिळणाऱ्या काही स्लिम फिल्टरना पुढच्या बाजूला आटेच नसतात किंवा नावापुरते असतात. त्यावर नेहमीची कॅप वरवर टेकते आणि बॅगेतून काढताना सुटते. म्हणजे ज्या सल्ल्यात 'कॅप पडते म्हणून फिल्टर लावा' असं लिहिलेलं असतं, तोच फिल्टर कॅप पडण्याचं कारण असू शकतो. एकावर एक दोन फिल्टर असतील तर शक्यता आणखी वाढते. फिल्टर काढून कॅप थेट लेन्सवर लावून पाहा. घट्ट बसली तर दोष कळला. पुढे नीट आटे असलेला फिल्टर घ्या.

दुसरं कारण मापाचं. फोकल लेंथ (लेन्सच्या नावातला एमएमचा आकडा) आणि फिल्टरचा व्यास यांत नव्या माणसाची गफलत हमखास होते. कॅननच्या 50 एमएम एफ/1.8 एसटीएमला लागते 49 एमएम व्यासाची कॅप. दुकानात 'पन्नासच्या लेन्सची कॅप द्या' असं सांगितलं की जुन्या 50 एमएमची 52 ची कॅप हातात पडण्याची शक्यता असते. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा मूळ कॅपच्या आतल्या बाजूला तिरपी रेघ मारलेलं शून्य आणि त्यापुढे आकडा असतो, तो वाचा: 49, 52, 55, 58, 62, 67, 72, 77, 82.

तिसरं म्हणजे घाण. आट्यांत वाळू किंवा लाल माती बसली की जिभा त्यांत पूर्ण अडकत नाहीत. कोरडा मऊ ब्रश लेन्स खाली धरून आट्यांवरून फिरवा, मग ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा. काच पुसायचं कापड आट्यांना लावू नका, तीच माती नंतर काचेवर जाते.

आणि चौथं, लावण्याची पद्धत. बरेच जण कॅप नुसती दाबतात. दोन्ही जिभा आत ओढून कॅप सपाट टेकवा, सोडा, मग कॅप किंचित फिरवून हलकेच ओढून पाहा. एकच बाजू अडकली असेल तर इथेच कळेल. बाजूने दाबायच्या कॅप बॅगेच्या अस्तराला किंवा पोटाला घासल्या की सुटतात. मधून दाबायच्या कॅपचा तो प्रश्न खूप कमी, आणि हूड चढवलेला असतानाही त्या निघतात. जुन्या लेन्सबरोबर कडेवर दाबायची कॅप आली असेल तर तिच्या जागी मधून दाबायची घ्यायला माझी ठाम शिफारस आहे. वर्षानुवर्षं वापरून स्प्रिंग ढिली झाली असेल तरीही बदला. जुन्या, वरून सरकवायच्या धातूच्या टोप्यांना आतून मखमलीचं अस्तर असतं. ते झिजलं की टोपी गळते. मखमलीची पातळ पट्टी नव्याने चिकटवली की पुन्हा घट्ट बसते.

पावसाळ्यापुरती एक सूचना: काच ओली असेल तर आधी टिपून घ्या, मगच कॅप लावा. ओलावा आत कोंडून राहिला की कोकणात आणि मुंबईत बुरशीला निमित्त लागत नाही.

'दोरी बांधा, प्रश्नच मिटला.'

काही कॅमेऱ्यांत ही दोरी खरंच हवी. ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) चालू करताच लेन्स बाहेर सरकते आणि ढिली बसणारी कॅप स्वतःच ढकलून देते, म्हणून अशा कॅमेऱ्यांबरोबर कंपनीच दोरी देते. तिथला उपाय उचलून लोकांनी तो लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यांना लावला आणि इथे तो त्रासदायक ठरतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा ज्याने अनुभवला आहे त्याला लोंबकळती कॅप काय करते ते सांगायला नको. ती लेन्सवर आपटत राहते, वाइड लेन्सच्या कडेला फोटोतही येते. ट्रायपॉडवर धबधब्याचा किंवा ताऱ्यांचा लांब एक्स्पोजर घेताना तिचं हलणं कॅमेऱ्यापर्यंत पोचतं. कॅपवर चिकटवायचं बटण उन्हात आणि घामात सुटतं, मग दोरी राहते आणि कॅप जाते. लेन्सभोवतीचा इलॅस्टिकचा पट्टा फोकस रिंगवर सरकतो तो वेगळाच ताप.

यापेक्षा साधी सवय जास्त टिकते: कॅपला एकच खिसा. तोच, प्रत्येक वेळी, आणि त्यात किल्ल्या, नाणी, मोबाइल काहीही नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक कॅप लेन्सवरून पडून हरवलेल्या नसतात. त्या एका हाताने काढून दगडावर, गाडीच्या बॉनेटवर, मंडपातल्या स्पीकरवर ठेवलेल्या असतात. खिशात कॅपच्या आतल्या बाजूला कापसाचे तंतू चिकटतात, ते काचेवर जाऊ नयेत म्हणून लावण्याआधी कॅप एकदा झटकायची. खिसा नसलेले कपडे असतील तर कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर बसवायची, कॅप अडकवून ठेवणारी चकती मिळते, ती वापरा. लेन्स बदलतानाही हीच शिस्त: नव्या लेन्सची मागची कॅप काढली की तीच लगेच उतरवलेल्या लेन्सला लावायची. एकच रिअर कॅप फिरते, हातात मोकळी काही राहत नाही.

'हरवली तर दोनशे रुपयांत नवी घ्या.'

शहरात दुकान जवळ असेल आणि माप नेहमीचं असेल तर घ्या, माझी हरकत नाही. पण कॅप हरवते ती गडावर, कासच्या पठारावर, जंगलात. पुढचा सगळा प्रवास लेन्स उघडी. 14-24 सारख्या लेन्सची टोपी कुठल्याही दुकानात पटकन मिळतही नाही. कड्याच्या टोकावर सुटलेल्या कॅपसाठी वाकणारे लोकही मी पाहिले आहेत. ती गेली तर जाऊ द्या, कृपा करून वाकू नका. आणि पठारावर पडलेलं काळं प्लॅस्टिक तिथून आपोआप जात नाही, हा विचारही त्या दोनशे रुपयांच्या हिशेबात नसतो.

सह्याद्रीचा बेसॉल्ट काळा, कॅपही काळी. दोन पावलांवर पडली तरी दिसत नाही. त्यावर उपाय स्वस्त आहे. गाड्यांना रेडियम लावणाऱ्याकडून पिवळ्या रेडियमचा छोटा तुकडा घ्या आणि कॅपच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा. टॉर्चच्या उजेडात लांबून चमकतो. आतल्या बाजूला पांढऱ्या पेंट मार्करने माप आणि मोबाइल नंबर लिहा, पूर्ण वाळल्यावरच वापरा. आणि जास्तीची एक कॅप बॅगेच्या तळाशी असू द्या. कॅननच्या 24-105 एफ/4 एल आणि 70-200 एफ/2.8 एल, निकॉनची 70-200 एफ/2.8, अशा कितीतरी लेन्सना 77 एमएमचीच कॅप लागते, त्यामुळे ती एकच जवळ असली तर सोबतच्या एखाद्याचंही काम भागतं.