बारा सेंट

बत्तीस वर्षं मी एका सहकारी बँकेत कॅशच्या पिंजऱ्यात काढली. संध्याकाळी रुपया कमी पडला तर रात्री आठपर्यंत शोधायचो आणि रुपया जास्त निघाला तर नऊपर्यंत. (जास्तीचा रुपया जास्त छळतो, हे बँकवाल्यालाच कळेल.) अशा माणसाला चिरंजीवांनी लास वेगासला, म्हणजे जुगाराच्या गावी, नेलं. अमेरिकेत आई-बाबा आले की हे दाखवावंच लागतं म्हणे. लॉस एंजेलिसपासून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, त्यात बराचसा भाग मोहावीचं वाळवंट. त्यातून जाताना हिने तिखटमिठाच्या पुऱ्या वाटल्या आणि "इथे राहतं तरी कोण?" एवढंच विचारलं.

पहिल्या दिवशी आम्ही जग पाहिलं, म्हणजे तिथल्या हॉटेलांनी उभारलेल्या जगाच्या नकला. व्हेनिस पाहिलं, तेही वरच्या मजल्यावर. गोंडोलावाला नाव वल्हवत गातोय आणि वर छताला रंगवलेलं आभाळ. त्या आभाळात कायम संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, त्यामुळे ही दोनदा दिवा लावायच्या वेळेला अस्वस्थ झाली. आयफेल टॉवर अर्ध्या उंचीचा, 165 मीटर. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवीसुद्धा निम्मीच. पण तिची गंमत अशी की अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटावर चुकून या वेगासच्या देवीचा फोटो छापला. 2011 साली ते उघडकीस आलं, तोवर तिकिटं अब्जांनी छापून झालेली. पुढे या नकलेचा शिल्पकार कोर्टात गेला आणि 2018 साली खात्याला सुमारे 35 लाख डॉलर भरायची वेळ आली. हे ऐकून मला पहिल्यांदा त्या गावाबद्दल आपुलकी वाटली. सरकारी खात्याचा गोंधळ ओळखीचा निघाला की परदेश परका राहत नाही.

गाव तरी कसं म्हणावं? हा झगमगता रस्ता, ज्याला सगळे स्ट्रिप म्हणतात, तो बहुतेक सगळा लास वेगास शहराच्या हद्दीबाहेर, पॅराडाइज नावाच्या वस्तीत येतो. हिंजवडीला चाललेला माणूस "पुण्याला चाललोय" म्हणतो, त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली. खोलीत टीव्ही भिंतीएवढा, पण चहाची किटली नाही. मुलांना कशाला उठवायचं, म्हणून आम्ही दोघं चहा शोधायला खाली उतरलो. लिफ्टचं दार उघडलं ते थेट जुगाराच्या दिवाणखान्यात. चहाकडे जायचं तरी जुगाराच्या मशीनच्या रांगांमधून, बाहेर पडायचं तरी त्याच रांगांमधून. खिडकी नाही, घड्याळ नाही. पहाटे पाचला माणसं अशी बसलेली की जणू आत्ताच दुपारची जेवणं उरकलीत.

एका टेबलावर रुलेट, म्हणजे आकड्यांचं चक्र फिरवायचा जुगार, चाललेलं. मी लांबून आकडे पाहिले. खाने 38, त्यात शून्यं दोन. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर 35 पट, शिवाय स्वतःचा डॉलर परत. म्हणजे 38 घेऊन 36 द्यायचे. शेकडा सव्वापाच! चक्र फिरेल तितक्या वेळा! आमच्या संचालक मंडळाला हे कळलं असतं तर बुडीत कर्जाचा विषयच निघाला नसता. मात्र टेबल सोडताना चक्र फिरवणाऱ्या मुलीने दोन्ही तळहात उलटेसुलटे करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवले, ते मला फार आवडलं. ही शिस्त आमच्याकडे हवी होती.

एवढ्यात हिने कोपराने ढोसलं. "आलोच आहोत तर एक डॉलर घाला. घरी सगळे विचारतील." एक सेंटचं मशीन होतं. तसं ठळक लिहिलेलंच होतं. मी डॉलर सरकवला, बटण दाबलं. पडद्यावरची फळं फिरली, घंटा वाजल्या आणि 88 सेंट गेले. एका वेळचे कमीत कमी सेंट 88! उरलेल्या बारात पुढची फेरी होईना. दुसरं बटण दाबलं तर पैशांऐवजी चिठ्ठी बाहेर आली, बारा सेंटांची, मुदत 180 दिवस. माझा व्हिसावरचा मुक्कामही साधारण तितकाच.

आपल्या पैशांत दहा रुपये. सोडून द्यावेत? बत्तीस वर्षं! चिठ्ठी घेणाऱ्या यंत्राकडे गेलो. ते नोटा देतं, चिल्लर देत नाही. त्याने मला दोन पर्याय दिले: दान करा, किंवा बारा सेंटांची नवी चिठ्ठी घ्या. मी नवी घेतली. मग कोणीतरी सांगितलं, "केजवर जा." केज म्हणजे पिंजरा! मला भरूनच आलं.

हिला एका जागी उभं करून निघालो. गालिचावर फुलं सगळीकडे सारखी, मशीनंही सारखी. एका बारवरून तीनदा गेलो. चौथ्यांदा तिथल्या माणसाने मान हलवून ओळख दाखवली. पिंजरा सापडला तेव्हा घामाघूम झालो होतो, आणि एसी असा की कानटोपी हवी.

आतल्या बाईंनी चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं आणि काही न बोलता तीन नाणी पुढे सरकवली. दहाचं एक, एकाची दोन. (दहाचं नाणं एकाच्या नाण्यापेक्षा लहान. ही सुधारणा कोणाच्या डोक्यातून आली असेल?) मी मोजून घेतली.

परत आलो तर ही एका मशीनसमोर खुर्चीत बसलेली.

"उभं राहून पाय दुखले," ती म्हणाली. "बसायला दुसरीकडे कुठे जागाच नाही. आणि नुसतं बसलं तर उठवतील असं वाटलं, म्हणून एक डॉलर घातला."

तिच्या हातात चिठ्ठी होती. बारा सेंट.